मे महिन्यातली हिमनदी

गोंदियात भूविज्ञान शिकवताना हिमनदीचं प्रकरण माझ्याकडून नेहमी शेवटी ढकललं जायचं. नदीचं काम दाखवायला वैनगंगा आहे, बाघ नदी आहे. खडक कसा झिजतो हे दाखवायला कॉलेजच्या मागचा माळ पुरतो. हिमनदी मात्र पुस्तकातच. वर्गातल्या बहुतेक मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो मासळीच्या पेटीत. आमच्या तलावांतली मासळी बाहेरगावी जाते तेव्हा तिच्यावर टाकलेला, फोडलेला, भुसा चिकटलेला बर्फ. पुस्तकातल्या फोटोत त्याऐवजी निळं आभाळ आणि पांढरंशुभ्र शिखर. मुलं व्याख्या पाठ करतात, आकृती काढतात, आकृतीत हिमनदीचा भाग कोरा ठेवतात, कारण ती पांढरी. परीक्षेत गुण मिळतात. हिमनदी काही कळत नाही.

हा पांढरा रंग डोक्यातून गेल्याशिवाय हिमनदी कळायची नाही, असं माझं मत होत गेलं. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला बर्फापेक्षा बर्फानं मागे टाकलेला कचरा जास्त उपयोगी. बर्फ वितळून जातो. कचरा राहतो, आणि दगड होऊन राहिला तर कोट्यवधी वर्षं राहतो.

तसा आमचा जिल्हा खडकांच्या बाबतीत श्रीमंत. ‘आमगाव नीस’ हे नाव देशभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत आहे. दोनशे कोटी वर्षांपलीकडचा हा खडक, आणि आमगावची मुलं त्याला सायकल टेकवून चहा पितात. सालेकसा तालुक्यात दरेकशाकडे गेलं की जुन्या ज्वालामुखींचा रायोलाइट लागतो. हाजरा फॉल आणि कचारगडच्या गुहा ही आमची ठरलेली फील्ड. कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, त्यामुळे काही मुलं तिथे आधी यात्रेकरू म्हणून येऊन गेलेली असतात आणि विद्यार्थी म्हणून नंतर. गुहेत कुठे वाकायचं, कुठे पाय घसरतो, हे ती मला सांगतात. पण या अतिप्राचीन खडकांनंतरच्या फार मोठ्या काळाची नोंद आमच्याकडे नाही. बर्फाची गोष्ट सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीची, आणि तिच्यासाठी चंद्रपूरकडे जावं लागतं.

चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला, पेनगंगेच्या काठी, इरई नावाचं गाव आहे. चंद्रपूर शहराला लागून वाहते ती इरई नदी वेगळी. दर वर्षी कुणी ना कुणी पालक या दोन्हींत घोटाळा करतो आणि धरणावर सहल आहे असं समजून मुलाला पोहण्याचे कपडे देतो. या गावाजवळ पेनगंगेच्या पात्रात चुनखडीचा खडक उघडा पडला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला फ्रान्सिस फेडन हा अधिकारी 1870च्या दशकात चांदा म्हणजे आताच्या चंद्रपूर भागाचं सर्वेक्षण करत होता. त्याला इथे दिसलं की चुनखडीचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालाय, त्यावर लांबच लांब समांतर चरे आहेत, आणि हा चरे पडलेला खडक वरच्या गोट्यामातीच्या थराखाली शिरतो. 1875 साली सर्वेक्षणाच्या ‘रेकॉर्ड्‌स’मध्ये त्यानं याच्यावर छोटा लेख लिहिला.

त्याच्या आधी, 1856 साली, ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी ओडिशात तालचेरला असाच थर पाहिला होता. अगदी बारीक मातीत माणसाच्या उंचीचे धोंडे. वाहत्या पाण्याला हे जमत नाही. धोंडे वाहून नेण्याइतका जोर असेल तर त्या जागी बारीक माती टिकत नाही, आणि माती खाली बसेल इतकं पाणी संथ असेल तर धोंडे तिथवर येत नाहीत. म्हणून त्यांनी बर्फाचं नाव घेतलं. उष्ण कटिबंधातल्या, समुद्रसपाटीपासून फार उंच नसलेल्या प्रदेशात बर्फ! लोकांना ते पटणं अवघडच होतं. खुद्द फेडननंही आपल्या लेखाच्या शीर्षकात हिमनदी म्हणायचं टाळलं आणि पाण्याच्या तळाशी गोठणाऱ्या बर्फावर भागवलं. मला त्याचा हा सावधपणा आवडतो. हातात होतं तेवढंच तो बोलला.

ही सहल मे महिन्यात काढावी लागते याचं कारण साधं आहे. खडक नदीच्या पात्रात आहे, पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो आणि पुढे कितीतरी दिवस गाळाखाली असतो. एप्रिलच्या शेवटापासून पाणी डबक्यांत उतरतं तेव्हा चुनखडी उघडी पडते. नेमका तोच काळ चंद्रपूरचं नाव देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत रोज छापून येण्याचा. पारा पंचेचाळीसच्या पुढे सहज जातो. पालकांच्या सभेत मी ‘हिमनदी पाहायला’ असं म्हणते तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटतं, आणि ते बरोबरच आहे. मग मी नियम सांगते. नवतपा लागायच्या आत जाऊन यायचं. पहाटे पात्रात उतरायचं, अकराच्या आत सावलीत. डोक्याला शेला, खिशात कांदा, पाठीवर दोन बाटल्या पाणी, आणि मीठ-साखरेची पुडी. कांद्यानं ऊन लागत नाही याला कसलाच पुरावा नाही हे मला ठाऊक आहे. तरी पुरावा शिकवायला निघालेल्या माझ्याच खिशात तो असतो, कारण घरून निघताना सासूबाई बघत असतात.

दुसरी अडचण तेंदूपत्त्याची. मे महिना हा तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, घरी येऊन पुडे बांधायचे, संध्याकाळी संकलन केंद्रावर, म्हणजे फळीवर, नेऊन मोजून द्यायचे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या घरांत वर्षाची रोकड या थोड्या दिवसांत येते. त्या दिवसांत मुलाला किंवा मुलीला सहलीला पाठवायचं म्हणजे घरातले दोन हात कमी करायचे. कॉलेजच्या कागदावर सहलीचा खर्च म्हणजे रेल्वेचं तिकीट आणि जेवण. खरा खर्च तिथे लिहायला रकाना नाही. सालेकसा तालुक्यातली एक मुलगी यायला नाही म्हणत होती. मग निघायच्या आदल्या रात्री तिचा फोन आला, की मोठी बहीण माहेरी आलीय, ती पुडे बांधेल. आमच्या बॅचमधली सगळ्यांत नेटकी जर्नल तिची, त्यामुळे मला स्वार्थानं आनंद झाला.

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी लाईन पूर्वी छोटी लाईन होती. आता रूळ रुंद झालेत, पण गाडी अजून घाईत नसते. सौंदड, अर्जुनी, मग वडसा, वैनगंगेचा पूल, ब्रह्मपुरी, नागभीड. धानाच्या रिकाम्या बांध्या मागे पडतात. सिंदेवाही, मूल, केळझर या पट्ट्यात रुळांच्या दोन्ही अंगांना जंगल, आणि मुलं वाघ दिसेल म्हणून खिडक्या सोडत नाहीत. चांदा फोर्टला उतरेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि प्लॅटफॉर्मची फरशी पायाला गरम लागते. मुक्कामाचं काही सांगण्यासारखं नाही. पंखे होते, झोप नव्हती.

पहाटे निघालो तो रस्ता कोळशाच्या ट्रकांचा. कडेच्या बाभळी, पाट्या, टपरीवरचं प्लास्टिक, सगळ्यावर काळी पूड. तिरोड्याच्या एका मुलानं खिडकीच्या काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे राखाडी असते, इथे काळी.” त्याचे वडील तिरोड्याच्या वीज प्रकल्पात कंत्राटदाराकडे कामाला आहेत. त्या वेळी मी फक्त मान हलवली. त्याचं हे वाक्य दुपारी पुन्हा उपयोगी पडणार आहे हे मला माहीत नव्हतं.

गाडी सोडून नदीपर्यंत चालत गेलो. आमच्याकडच्या पिवळट धानमातीची सवय असलेल्या मुलांना ही काळी कपाशीची जमीन नवीन. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एका मुलानं काठी आत घालून खोली मोजली आणि नोंदवलीसुद्धा. चालताना हवा अजून सुसह्य होती. नदीचा काठ उतरलो, वाळू ओलांडली, एका डबक्याला वळसा घातला, आणि राखाडी खडकावर आलो.

माझी एकच अट असते. अकरा वाजेपर्यंत ‘हिमनदी’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. जे दिसतं ते लिहायचं, मोजायचं, चित्र काढायचं. का झालं हे नंतर. हातोडे मी गाडीतच ठेवायला लावते. चरे पडलेल्या पृष्ठभागावर एक घाव पडला तर तीस कोटी वर्षं टिकलेली गोष्ट एका सकाळीत जाते.

सुरुवातीला मुलांना काही दिसतच नाही. हे दर बॅचला होतं. डोळे गोमुखाच्या फोटोतलं काहीतरी भव्य शोधत असतात, आणि पायाखाली नुसता सपाट दगड. मी त्यांना गुडघ्यावर बसवते आणि तळहात फिरवायला सांगते. एका दिशेनं हात सरकतो, आडवा फिरवला की अडखळतो. सूर्य वर यायच्या आत तिरपं ऊन पडतं तेव्हा चरे डोळ्यांनाही दिसू लागतात. काही केसाएवढे, काहींत बोट बसेल असे. अर्जुनीचा एक शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, “वखर फिरवल्यासारखं आहे जी.” इतकी वर्षं मी वेगवेगळी वर्णनं करत आले, याहून चांगलं मला सापडलं नव्हतं. वखराची पास जशी ओढाच्या रेषेत जाते, तसे हे चरे सरळ जातात आणि खडकाच्या उंचवट्याला पाहून वळत नाहीत. पाणी वळलं असतं.

तेवढ्यात तिरोड्याच्या मुलानं जाहीर केलं, “मॅडम, हे जेसीबीचे दात आहेत.”

बाकीचे हसले. मी हसले नाही, कारण आक्षेप पहिल्या दर्जाचा होता. नदीत यंत्रं उतरतात हे सगळ्यांना माहीत आहे. लोखंडी दात खडकावरून ओढला तर समांतर ओरखडे पडतील. मग नाही कशावरून? पुढचा तास आम्ही जेसीबीवर घालवला, आणि सहलीतला सगळ्यांत उपयोगी तास तो होता. ओरखड्यांची रुंदी सारखी आहे का? नाही, जाड-बारीक सगळी मिसळ आहे. ताज्या ओरखड्यात दगडाची पांढरी पूड असते; इथे? चऱ्यांच्या आतला रंग बाहेरच्या पृष्ठभागाइतकाच जुना. एक मुलगा म्हणाला, मग जुना जेसीबी असेल.

म्हशी घेऊन नदीवर आलेले एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ उभे होते. “काय पाहून राहिले जी, बाई? सोनं आहे का?” मी म्हटलं, बाबाजी, या रेघा पाहतोय, कशाच्या आहेत? ते म्हणाले, त्यांच्या बापाच्या वेळेपासून आहेत, तेव्हा कुठलं आलं यंत्र. मुलांना वाटलं प्रश्न सुटला. मी सांगितलं, बाबाजींची साक्ष चांगली आहे, वहीत लिहा. पण दगडाला स्वतः काय म्हणायचंय ते पाहू.

उत्तर दिलं सालेकशाच्या मुलीनं. ती घोळक्यातून निघून काठाच्या बाजूला गेली होती, जिथे चुनखडीवर हिरवट मातकट थर बसलेला आहे. तिथून तिनं हाक मारली. चरे त्या थराच्या खाली जात होते. थर कुणी उकरलेला नव्हता, त्यातले गोटे घट्ट बसलेले होते, आणि चरा त्या थराच्या कडेला येऊन थांबत नव्हता, सरळ खाली शिरत होता. म्हणजे आधी चरे, मग थर. जेसीबी यायचा तर या थराच्याही आधी यायला हवा. तिरोड्याच्या मुलानं वाकून पाहिलं, बोट घालून पाहिलं, आणि जर्नलमध्ये ‘जेसीबी’वर काट मारली. काट मारून बाजूला कारण लिहिलं. त्या कारणासाठी मी त्याला पूर्ण गुण दिले.

मग तो थर. या सहलीत मला स्वतःला सर्वांत जास्त ओढ या थराची असते. हिरवट, बारीक माती, काही ठिकाणी बोटांनी चुरगाळली की सुईसारख्या कपच्या निघणारी. आणि तिच्यात वाटेल तसे विखुरलेले गोटे. मुठीएवढे, डोक्याएवढे, त्याहून मोठे. ग्रॅनाइट, नीस, क्वार्ट्‌झाइट, चुनखडी, एकमेकांशी नातं नसलेले. काही गोट्यांची एखादी बाजू घासून सपाट झालेली, त्या सपाट बाजूवर पुन्हा चरे. नदीतला गोटा सगळीकडून लोळतो, गोल होतो. सपाट बाजू पडायची तर गोटा कशात तरी घट्ट धरलेला हवा आणि वरून प्रचंड ओझं हवं. बर्फाच्या तळाशी गोठून बसलेले गोटेच खालच्या चुनखडीला ओरखडत गेले आणि ओरखडताना स्वतःही घासले गेले. अकरा वाजायला वेळ होता, पण इथवर आल्यावर कुणीतरी तो शब्द उच्चारलाच.

मी खरी हिमनदी पाहिली ती इरई पाहिल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. एका उन्हाळ्यात गंगोत्रीहून चिरबासा, भोजबासा करत गोमुखापर्यंत चालत गेले. बरोबरच्या मंडळींची निराशा झाली. एवढ्या पायपिटीनंतर समोर काय, तर धुळीनं माखलेली, दगडगोट्यांनी झाकलेली, चिरफळलेली एक करडी भिंत, तिच्या पायातून निघणारं गढूळ पाणी, आणि वरून सारखे घरंगळणारे धोंडे. “हीच का ती?” असं एका बाईंनी विचारलं. मी मात्र ओळखीचं माणूस भेटल्यासारखी उभी राहिले, कारण तो सगळा गाळ मी आधी पाहिला होता. बारीक पिठासारखी माती आणि तिच्यात वाटेल तसे पडलेले धोंडे, एक बाजू सपाट झालेले. इरईला तो दगड झालेला आहे, इथे अजून ओला होता. गोमुखाचा नकाशा 1935 साली जे. बी. ऑडन यांनी केला. तेही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातलेच, कवी ऑडन यांचे भाऊ. त्यांनी नोंदवलेल्या जागेपासून हिमनदीचं मुख आता किलोमीटरहून जास्त मागे सरकलं आहे. मधल्या सगळ्या वाटेवर तोच कचरा पसरलेला दिसतो.

अकराला आम्ही पात्र सोडलं. दगड हाताला चटका देऊ लागले होते. काठावरच्या कडुनिंबाखाली शिदोऱ्या सुटल्या. कुणाची आंबील, कुणाची भाकर आणि कैरीचं रायतं, कुणाचा बासी भात मीठ-कांदा घालून. उन्हाळ्यात याच्याइतकं शहाणपणाचं जेवण नाही. पोटात गेल्यावर प्रश्न सुरू झाले.

पहिला प्रश्न नेहमीचा. इथे बर्फ आला कसा? मी वहीच्या मागच्या पानावर गोंडवनभूमी काढली. तेव्हा भारत दक्षिणेला, अंटार्क्टिकाला चिकटून, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया शेजारी. दक्षिण आफ्रिकेतही याच काळातले बर्फाचे थर आहेत. आल्फ्रेड वेगेनरनं 1912 मध्ये खंड सरकतात असं मांडलं तेव्हा त्याच्या पुराव्यांत या दक्षिणेकडच्या बर्फाच्या खुणा होत्या. खंड आज आहेत तिथेच ठेवले तर विषुववृत्ताच्या आजूबाजूला हिमनद्या मानाव्या लागतात. एकत्र आणले तर बर्फ दक्षिण ध्रुवाभोवती नीट बसतो. फेडनला जे शीर्षकात लिहायचं धाडस झालं नव्हतं, ते पटायला नकाशाच बदलावा लागला. गोंडवाना हे नाव सर्वेक्षणातल्या इंग्रजांनी इथल्या खडकांना दिलं आणि पुढे ते साऱ्या खंडाला चिकटलं, हे मी सांगितलं, तेव्हा सालेकशाची मुलगी, जी स्वतः गोंड आहे, म्हणाली, “अंटार्क्टिकापण आमचंच मग. सातबारा कुठे काढायचा?”

दुसरा प्रश्न तिरोड्याच्या मुलाचा. बर्फ गेल्यावर इथे काय झालं? मी सांगितलं, बर्फ मागे हटला, सखल भागात पाणी आलं, थंड हवेतल्या दलदली झाल्या, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांची जंगलं वाढली, पानगळीचे थरांवर थर साचले, गाडले गेले आणि त्यांचा कोळसा झाला. आपण सकाळी ज्या रस्त्यानं आलो त्या रस्त्यावरचा कोळसा तोच. चंद्रपूर परिसरातल्या खाणींत खाली उतरत गेलं, तर कोळशाच्या खडकांच्या खाली हाच हिरवट गोट्यांचा थर. भारतातला जवळजवळ सगळा दगडी कोळसा गोंडवाना खडकांतला आहे.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे बर्फ गेला म्हणून कोळसा आला. आणि आता आम्ही कोळसा जाळतो म्हणून तो गोमुखचा बर्फ चालला.” ‘आम्ही’ हा शब्द त्याचा. तिरोड्याचा प्रकल्प 3300 मेगावॅटचा, चंद्रपूरचं वीज केंद्र 2920 मेगावॅटचं. त्याचं घर त्या पगारावर चालतं आणि आमच्या वसतिगृहातला पंखाही त्याच विजेवर. मला वर्गात अशा वेळी लगेच पर्यावरणाचं भाषण करणाऱ्या शिक्षकांचा कंटाळा आहे. मुलांना ते भाषण पाठ असतं, निबंधात तेच लिहून त्यांनी बक्षिसं मिळवलेली असतात. त्याला मी एवढंच सांगितलं की दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण दोन्हींमधला वेळ वेगळा लिही. कोळसा साचायला लाखो वर्षं लागली, आणि आपण तो जाळतोय त्याला दोन-अडीचशे वर्षंच झाली. त्यानं दोन उभ्या रेघा काढून त्यांवर वर्षं टाकायचा प्रयत्न केला. दुसरी रेघ एवढी लहान आली की पेन्सिलच्या टोकानं झाकली गेली. प्रमाण बदलू का, असं विचारत होता. मी म्हटलं, बदलू नको.

परतीच्या गाडीत मुलं झोपतील असं मला वाटलं होतं. नागभीडपर्यंत भांडण चाललं. झालं असं की सालेकशाच्या मुलीनं त्या हिरवट थरातून एक मुठीएवढा तांबूस गोटा निघता निघता हातात घेतला होता आणि तिचं म्हणणं, हा आमच्या दरेकशाच्या दगडासारखाच आहे. बारीक कणांचा, मधूनच चमकणारे ठिपके. बर्फानं आमच्याकडचा दगड पेनगंगेत आणून टाकला! सगळ्या डब्यात उत्साह पसरला. आपल्या जिल्ह्याचं काहीतरी सापडलं की माणूस पुराव्याशी जरा सैल वागतो, मीही त्याला अपवाद नाही. पण तिरोड्याचा मुलगा आता कसलेला वकील झाला होता. त्यानं विचारलं, गोटा थरात होता की वाळूत पडला होता? वाळूत पडलेला असेल तर तो पेनगंगेनं कालपरवा कुठूनही आणला असेल. मुलीनं काही न बोलता जर्नल उघडली. काढण्यापूर्वी तिनं गोट्याचं चित्र काढून घेतलं होतं, आजूबाजूची माती, वरचा थर, आणि मापासाठी शेजारी पेन.

तेवढ्यानं तो गोटा दरेकशाचा ठरत नाही. तांबूस रायोलाइट भारतात अनेक ठिकाणी आहे. सारखा दिसतो म्हणजे तोच, असं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ छेद पाहायला हवा. त्याआधीही एक गोष्ट आहे. बर्फ कुठल्या बाजूनं आला? चरा फक्त रेषा सांगतो, बर्फ तिच्या कुठल्या टोकाकडून आला ते सांगत नाही. त्यासाठी खडकाच्या उंचवट्याची कुठली बाजू घासली गेलीय आणि कुठली उपटली गेलीय ते पाहावं लागतं. दरेकसा ईशान्येला. बर्फ त्या बाजूनं आलाच नसेल, तर गोटा कितीही सारखा असला तरी उपयोग नाही.

सुट्टी संपून कॉलेज उघडल्यावर ती मुलगी गोटा घेऊन प्रयोगशाळेत आली, छेद कधी करायचा म्हणून. तेंदूचा हंगाम कसा गेला विचारलं, तर म्हणाली, पाऊस लवकर आला, पानं कमी निघाली. मग तिनं होकायंत्रावर घेतलेल्या चऱ्यांच्या दिशांचं कोष्टक पुढे ठेवलं. तिच्या गटाची मापं एकमेकांशी जुळत होती. तिरोड्याच्या मुलाच्या गटाची त्याच खडकावरची मापं मात्र सगळी एकाच बाजूला सरकलेली. दोघांनी मिळून तासभर डोकं फोडलं. शेवटी त्या मुलाला आठवलं की होकायंत्र खडकावर सपाट राहावं म्हणून त्यानं ते टेकवलं होतं आपल्या जेवणाच्या लोखंडी डब्यावर.